शिकागोतली चूल



गेल्या पंधरवड्यात दोघींचे फोन आले आणि दोघींचा प्रश्न एकच. उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेला जायचं आहे, तिथून चार दिवस एखादं मोठं शहर बघायचं आहे, तर हॉटेल कसलं घ्यावं? एकीला रात्रिभोजनाचा त्याग आहे. दुसरीच्या यजमानांना डायबेटिस आहे. आमच्या घरात दोन्ही आहे, त्यामुळे फोन लांबले. तेच इथे लिहून ठेवते, म्हणजे तिसरीला फोन करायला नको. (केलात तरी चालेल.)

आधी न्यूयॉर्कची रात्र सांगते. त्या रात्रीपासून मी हॉटेलच्या खोलीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

२०१८ चा डिसेंबर. नातू चार वर्षांचा, नात पाळण्यात. मुलानं हौसेनं चांगलं हॉटेल घेतलं होतं. मऊ गाद्या, मोठा टीव्ही, खिडकीतून शहराचे दिवे. न्यूयॉर्कमध्ये त्या दिवसांत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. आम्ही दोघांनी पावणेचारलाच जेवून घेतलं. जेवण कसलं, सोबत नेलेल्या दशम्या, शेंगांची चटणी आणि एकेक केळं. बाहेर मिळण्यासारखं काही दिसेना आणि शोधत फिरायला वेळ नव्हता. यांनी संध्याकाळची गोळी मात्र नेहमीच्याच हिशोबानं घेतली.

रात्री अडीचला यांचा हात लागला आणि मला जाग आली. हात ओला होता. दिवा लावला तर कपाळावर घाम आणि बोटं थरथरत होती. यंत्र काढून साखर बघितली, ५४. मी खोलीभर नजर फिरवली. टीव्ही, इस्त्री, छत्री, आणि कॉफीच्या यंत्राशेजारी ताटलीत साखरेच्या पुड्या. चार पुड्या फोडल्या, पाण्यात ढवळल्या आणि ग्लास यांच्या तोंडाशी नेला. तर हे म्हणतात, "अगं, रात्र आहे."

अंगात त्राण नाही आणि माणूस मला घड्याळ सांगतोय! मी म्हटलं, "नियम घेताना औषध-पाण्याची सूट ठेवली होती ना? मग हे औषधच आहे. घ्या." तेव्हा घेतलं. पंधरा-वीस मिनिटांनी साखर वर आली, पण त्यावर पोटात काही धरून राहील असं घालायला हवं होतं. डब्यात दोन दशम्या होत्या, त्या घ्यायला हे तयार होईनात. तिथून सव्वासातच्या सूर्योदयापर्यंत मी खुर्चीत बसून होते. दर अर्ध्या तासाला बोट टोचायचं आणि मनात णमोकार म्हणायचा. पलीकडच्या खोलीत मुलगा-सून झोपलेले होते, त्यांना उठवलं नाही. ते चुकलंच. परत आल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या, तो त्यांचा विषय. माझा विषय खोलीचा. पुन्हा प्रवास केला तर खोलीत चूल असलेल्या जागीच उतरायचं, हे मी त्या खुर्चीतच ठरवलं.

अशा जागा असतात, हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं. अमेरिकेत त्यांना 'एक्स्टेंडेड स्टे' म्हणतात. बदलीवर आलेली कुटुंबं किंवा कामानिमित्त महिना-दोन महिने राहणारी माणसं यांच्यासाठी त्या काढल्या गेल्या. जॅक डीबोअर नावाचे एक गृहस्थ फ्लॅट बांधायच्या धंद्यात होते. त्यांनी १९७५ साली कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी 'रेसिडेन्स इन' हे अशा तऱ्हेचं पहिलं हॉटेल काढलं. पुढे १९८७ मध्ये मॅरियटनं ती साखळी विकत घेतली. आता असल्या बऱ्याच साखळ्या आहेत. नाव लांबच्या मुक्कामाचं असलं तरी तीन-चार रात्रींसाठीही खोली देतात. आठवड्याच्या वर राहिलात तर दर बहुधा उतरतो, आणि रोज खोली आवरायला कोणी येईलच असं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. स्वयंपाकघरात परक्या माणसाची रोज ये-जा नसलेलीच बरी.

गेल्या जूनमध्ये शिकागोचं ठरलं. मुलगा इंडियानापोलिसला असतो, तिथून गाडीनं तीन तासांवर. आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई, दोन नातवंडं आणि न्यू जर्सीहून येणारी लेक, असे सात जण. गुरुवार ते मंगळवार, पाच रात्री. मुलगा म्हणाला, "आई, हॉटेल तू निवड." बहुधा त्याला वाटलं, आई दोन दिवसांत कंटाळून परत त्याच्याकडेच सोपवेल. पण मी बी.कॉम. आहे, आणि वडिलांच्या अडत दुकानात वह्या लिहिलेल्या आहेत. मी कागदाला समास पाडून बसले.

पहिला धडा 'स्वीट' या शब्दाचा. डायबेटिसवाल्या घरात चालणारं स्वीट एवढं एकच, असं आमचे हे म्हणतात. पण नुसत्या नावावर जाऊ नका. कित्येक ठिकाणी स्वीट म्हणजे एकच लांबट खोली, मध्ये अर्धी भिंत किंवा सोफा, आणि कोपऱ्यात छोटा फ्रीज व मायक्रोवेव्ह. चूल नाहीच. काही ठिकाणी ओटा, बेसिन, मोठा फ्रीज, डिशवॉशर सगळं असतं, पण शेगडी मागितल्यावर खालून आणून देतात. तीही इंडक्शनची, म्हणजे आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणार नाही. आपल्याला हवं ते पूर्ण स्वयंपाकघर, दोन किंवा चार शेगड्या ओट्यात बसवलेल्या. ओव्हन बहुधा नसतो, आणि आपलं त्यावाचून अडत नाही.

म्हणून वेबसाइटवरच्या फोटोंवर विसंबू नका, थेट त्या हॉटेलच्या फ्रंट डेस्कला फोन लावा. साखळीच्या मोठ्या नंबरवर बोलणाऱ्या माणसानं ती खोली कधी पाहिलेली नसते. मी लेकीला शेजारी बसवून फोन लावले. या खोलीत शेगडी बसवलेली आहे का? काचेची की इंडक्शनची? खिडकी उघडते का? या खोलीत सात माणसांना परवानगी आहे का? (ही चौकशी आगीच्या नियमांसाठी. तिथे माणसं मोजून खोली देतात, आपल्यासारखं जमिनीवर अंथरूण टाकून भागत नाही.) भांडी किती जणांची? एकीकडे पलीकडच्या मुलीनं "मॅम, कोणी आजवर लाटण्याला जागा आहे का असं विचारलं नव्हतं," असं म्हणून हसून घेतलं. पण ओटा मोजून सांगितला, बिचारी!

आता हिशोब. माझ्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, शहराच्या मध्यभागी दोन साध्या खोल्या. २२९ डॉलरप्रमाणे पाच रात्रींचे २,२९०. शिकागोत हॉटेलवर १७.४ टक्के कर लागला, तो धरून २,६८८. गाडी ठेवायचे रोजचे ६५, म्हणजे ३२५. नाश्ता वेगळा, सात माणसांचा रोज ७० तरी धरा. एकूण सव्वातेहेतीसशेच्या वर, आणि चूल नाही. दुसरा, तिथेच दोन बेडरूमचा, स्वयंपाकघरवाला स्वीट. रोज ४१९, पाच रात्रींचे २,०९५, कर धरून २,४६०, गाडीचे ३२५, नाश्ता त्यातच. म्हणजे २,७८५. बघा, 'महाग' खोली साध्या खोल्यांपेक्षा स्वस्त पडली. घरी सात माणसं असतील तर हे नेहमी मांडून बघा.

तिसरा पर्याय मला सापडला तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. शिकागोचं आपलं जैन मंदिर शहरात नाही, बार्टलेट नावाच्या उपनगरात आहे, मध्यभागापासून पस्तीसेक मैल पश्चिमेला. त्या बाजूला तसाच दोन बेडरूमचा स्वीट २४९ डॉलरला मिळत होता. कर धरून पाच रात्रींचे १,४२० च्या आत, गाडी ठेवायला फुकट, भारतीय किराण्याची दुकानं जवळ. रोज सकाळी दर्शन होईल, आणि बार्टलेटहून शहरात थेट मेट्राची रेल्वे. दोन पर्यायांत १,३६५ डॉलरचा फरक, म्हणजे आपले लाखाच्या वर रुपये! पैसे मुलगा देणार होता, पण जीव माझा तुटत होता.

मी तिसऱ्यावर गोल केला आणि कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला.

सूनबाईनं तो शांतपणे वाचला. मग म्हणाली, "आई, एक विचारू? तिथे जाऊनही स्वयंपाकच करायचा, तर घरीच राहू या की."

मला लागलं ते. खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. न्यूयॉर्कची रात्र हिला माहीत आहे, तरी ही असं म्हणते, असं मनात घोळत राहिलं. मग एका रात्री झोप येईना तेव्हा वाटलं, ती बोलली त्यात खोटं काय आहे? ती आठवडाभर ऑफिस करते आणि रोज संध्याकाळी ओट्याशी उभी असते. तिला वर्षातून एकदा पाच दिवस मिळणार, त्यातही सासू ओटा दाखवते. आणि मी तरी सगळं यांच्या साखरेसाठीच करत होते का? माझं मलाच ठाऊक आहे, दुसऱ्याच्या हातचं मला रुचत नाही. यांच्या डायबेटिसच्या आड माझी ती खोड सोयीस्कर लपते.

सकाळी चहा करताना मीच विषय काढला. म्हटलं, "चूल पाहिजेच, ती यांच्यासाठी. पण दिवसातून एकदाच रांधायचं, आणि ते मी करीन. तुझा ओट्याशी संबंध नाही." ती हसली. म्हणाली, "तसं नको आई, मीही करीन. पण मग चूल जवळ पाहिजे." आणि माझ्याच कागदाच्या पाठीवर तिनं दिवस मांडून दाखवला. सकाळी नऊची गाडी धरली तर शहरात हिंडायला सुरुवात साडेदहाला. बाबांची जेवणाची वेळ साडेबारा, तेव्हा डबा कुठल्यातरी बाकावर. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत गरम जेवायचं तर सहालाच शहर सोडायचं. "चूल पस्तीस मैलांवर आणि बाबांना भूक लागणार इथे," तिनं पेनानं दोन ठिपके काढले, "मग त्या चुलीचा उपयोग फक्त सकाळच्या चहाला."

पाच दिवसांचे सगळे आकडे मी मांडले होते, पण दुपारचे साडेबारा मांडायचे राहून गेले होते. आम्ही मध्यभागातला दोन बेडरूमचा स्वीट घेतला. त्या लाख रुपयांची हळहळ मला अजून अधूनमधून वाटते, पण निर्णय तिचाच बरोबर होता.

आता तुमच्या कामाच्या गोष्टी.

भांडी आपली न्या. हॉटेलच्या स्वयंपाकघरात पातेली, तवे, ताटं सगळं असतं, पण आपल्या आधी तिथे कोणी काय शिजवलं हे आपल्याला माहीत नसतं. माझा कोणाला दोष नाही, ज्याची त्याची चूल. मी तीन लिटरचा कुकर, तवा, दोन पातेली, लाटणं, पाणी गाळायचं गाळणं आणि भांडी घासायचा नवा स्पंज एवढं वेगळ्या पिशवीत बांधलं होतं. ताटल्या तिथल्याच काचेच्या घेतल्या, गरम पाण्यानं धुऊन. डिशवॉशरला मी हात लावला नाही.

सूनबाईकडे छोटी घरघंटी आहे, निघायच्या आदल्या दिवशी गहू दळून घेतले. उन्हाळ्यातल्या पिठाची मर्यादा पाच दिवसांची, त्यामुळे शेवटचे दोन दिवस भातावर काढले. मुगाची डाळ, तांदूळ, तूप, मसाल्याचा डबा घरून. भाजी तिथल्या दुकानातून. घेवडा, भेंडी, कोबी, ढोबळी मिरची सगळीकडे मिळतं.

काचेच्या शेगडीवर जाळ नसतो, ती तापते सावकाश आणि बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते. पोळी जाळावर फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्याच्या बोळ्यानं दाबून फुगवायची. आणि फोडणी! पहिल्या संध्याकाळी मी घरच्यासारखं तेल कडक तापवून मोहरी टाकली. ती तडतडते न तडतडते तोच छतावरचं यंत्र असं किंचाळायला लागलं की नात रडायलाच लागली. खालून एक तरुण धावत आला. मी हातात पळी घेऊन उभी, हे वर्तमानपत्रानं छताला वारा घालतायत. त्यानं समजुतीनं सांगितलं की शेगडीवरचा पंखा वाफ बाहेर टाकत नाही, गाळून खोलीतच सोडतो. दुसऱ्या दिवसापासून मंद आचेवर तूप-जिऱ्याची फोडणी, वर झाकण. आमटीला चव जरा मवाळ, पण शेजाऱ्यांना शांतता.

हॉटेलच्या फुकटच्या नाश्त्याला भुलू नका आणि तो सोडूही नका. केळी, सफरचंदं, दूध, ओटमील आपल्याला चालतं. वॉफलच्या पिठात अंडं असतं. दह्याच्या डब्यावर बारीक अक्षरात जिलेटिन लिहिलेलं आहे का बघा. साखर चढवलेल्या काही कोरड्या सीरियलमध्येही ते असतं. चष्मा घेऊनच नाश्त्याला उतरायचं. आमच्या नातीला हे वाचायचा इतका नाद लागला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा डबाही ती वाचायला निघाली होती.

सूर्यास्त मात्र जूनमध्ये आपल्या बाजूनं असतो. शिकागोत तो साडेआठच्या सुमाराला, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण आटोपायचं म्हटलं तरी सात चाळीसपर्यंत वेळ. इंडियानापोलिस आणि शिकागोच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे, हे लक्षात ठेवून यांच्या गोळ्यांच्या डबीवर मी दोन्ही वेळा लिहून चिकटवल्या. डिसेंबरात जाणार असाल तर माझं न्यूयॉर्क आठवा.

कामाची वाटणीही ठरली होती. ज्यानं रांधलं त्यानं घासायचं नाही. मी सकाळी दोन्ही वेळचं वरण, भात, भाजी करून ठेवायची, पोळ्या सूनबाई आणि लेक. घासणं मुलगा आणि नातवाकडे. मुलाला घरी मी कधी पेला विसळायला लावला नव्हता. तिथे त्यानं कुकर इतका चकाचक घासला की मी काही बोलले नाही, पण सूनबाईनं माझ्याकडे बघितलं, आणि मीही तिच्याकडे. शनिवारी संध्याकाळी ती चौघं आणि लेक बाहेर जेवायला गेली. आम्ही दोघांनी खिचडी-कढी खाल्ली आणि खिडकीशी बसून रस्त्यावरची गर्दी बघितली. मला तेवढीच सुट्टी पुरे होती.

त्याच दिवशी दुपारी आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये होतो. दारातल्या सिंहांपाशी फोटो काढून झाले, चित्रं बघून झाली, आणि बाराच्या सुमाराला हे एका बाकावर गप्प बसले. मी ओळखलं. साखर ७२. पर्समधली ग्लुकोजची गोळी दिली, पण खरं औषध दहा मिनिटांच्या चालीवर होतं. एक वाजायच्या आत हे गरम वरण-भात जेवत होते, आणि अर्ध्या तासानं घोरत होते. सूनबाई तेव्हा मुलांना घेऊन संग्रहालयातच होती. तिनं फोन केला, "जेवले का बाबा?" एवढंच विचारलं. पस्तीस मैलांचं नाव तिनं काढलं नाही.

त्या इमारतीबद्दल एक सांगायलाच हवं. ११ सप्टेंबर १८९३ रोजी तिथेच सर्वधर्म परिषद सुरू झाली. स्वामी विवेकानंद तिथे बोलले हे सगळ्यांना माहीत आहे, बाहेरच्या रस्त्याच्या एका भागाला त्यांचं नावही आहे. पण त्याच परिषदेत वीरचंद राघवजी गांधी जैन धर्माच्या वतीनं बोलले, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसतं. निमंत्रण आचार्य आत्मारामजींना होतं. साधूंच्या आचारात तो समुद्रप्रवास बसेना, म्हणून त्यांनी वीरचंदजींना पाठवलं. वय अवघं एकोणतीस. मी हे सगळं नातवाला रंगवून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, त्यांच्या हॉटेलमध्ये किचन होतं का?" मी म्हटलं, "अरे, किचनवाली हॉटेलं निघायला अजून ब्याऐंशी वर्षं होती." तो बराच वेळ विचारात पडला होता.

रविवारी गाडीनं बार्टलेटला गेलो. मंदिर प्रशस्त आहे, दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही मूर्तींचं दर्शन एकाच संकुलात घडतं. आपल्याकडच्या बस्तीत बसल्यासारखा तास गेला. रोज दर्शन घडलं नाही याची खंत होती, ती त्या तासात बरीच निवळली.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल हे अजून माझी चेष्टा करतात. पाणी मी तिथेही गाळत होते. गाळलं की प्रश्न जिवाणीचा. ती जिथलं पाणी तिथेच सोडायची. मी फ्रंट डेस्कला विचारलं, नळाचं पाणी कुठून येतं? "मिशिगन सरोवरातून." सरोवर पंधरा मिनिटांच्या चालीवर. नातू म्हणाला, "आजी, क्लोरीन घातलेल्या पाण्यात जीव कुठून राहतील?" त्याचं म्हणणं बरोबर असेल. पण यांना सकाळी चालायला हवंच होतं, आणि मला जायला कारण हवं होतं. रोज सहाला आम्ही दोघं स्टीलचं झाकणाचं भांडं घेऊन निघायचो. काठाला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. समोर समुद्रासारखं पाणी आणि वर आलेला सूर्य.

मंगळवारी, निघायच्या दिवशी, नात आपणहून उठली आणि भांडं तिनंच धरलं. अर्ध्या वाटेत तिला दमायला झालं, पण दिलं नाही. पायरीवर मी तिचा फ्रॉक मागून घट्ट धरला. तिनं वाकून भांडं अलगद पाण्याला टेकवलं, तिरकं केलं आणि मान वळवून विचारलं, "गेले का घरी?" हे म्हणाले, "गेले."

मग खोलीवर येऊन आम्ही बॅगा भरल्या. गाळणं तेवढं नळावरच राहिलं. सूनबाईच्या लक्षात आलं तेव्हा गाडी इंडियानाच्या हद्दीत शिरली होती.